सोसायटी कशी आहे?

समोरच्या घराची किल्ली सध्या आमच्याकडे असते. काका-काकू पुण्याला लेकीकडे गेले आणि घर विकायला काढलं, तेव्हापासून एजंटचा फोन आला की मी किंवा आई दार उघडून देतो. परवाच्या रविवारी एक जोडपं आलं. तिशी-पस्तिशीचं, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. एजंट हॉलच्या खिडकीत उभा राहून सी लिंक दाखवत होता, नवरा मोबाइलच्या उजेडात सिंकखालचा पाइप तपासत होता, आणि रिकाम्या खोलीत आवाज घुमतो हे कळल्यामुळे मुलगी पुन्हा पुन्हा हाका मारत होती. बायको तेवढ्यात बाहेर आली. आमच्या दोन दारांमधल्या पॅसेजमध्ये माझ्याजवळ उभी राहिली आणि आवाज खाली आणून तिने विचारलं, "ताई, सोसायटी कशी आहे?"

आतून एजंटनेच उत्तर दिलं, "एकदम फॅमिली सोसायटी आहे मॅडम, काही बघायलाच नको." तिची नजर माझ्यावरून हलली नाही. मी म्हटलं, चांगली आहे, माणसं चांगली आहेत. पॅसेजमध्ये उभ्याउभ्या एवढंच सांगता येतं. तिने मान हलवली, चपला काढून पुन्हा आत गेली. रात्री ओटा आवरताना, सकाळी दूध तापवताना, ऑफिसला जाताना खाली मेट्रोच्या जिन्यावरसुद्धा तो प्रश्न माझ्याबरोबर होता. मुंबईत घर बघायला गेलेला प्रत्येक जण तो विचारतो. मीही इतरांकडे विचारलाय. पण पंचेचाळीसेक वर्षं एकाच इमारतीत काढलेल्या माणसाने त्याचं खरं उत्तर द्यायचं म्हटलं तर कुठून सुरुवात करायची?

एजंटने व्हॉट्सअॅपवर फिरवलेली जाहिरात आमच्यापर्यंतही आली. प्रभादेवी, चौदावा मजला, थ्री बीएचके, ९८० कार्पेट, सी व्ह्यू, दोन लिफ्ट, सिद्धिविनायक मेट्रो चालत, को-ऑप सोसायटी, क्लिअर टायटल, फॅमिली साइज. शेवटी रिडेव्हलपमेंटची शक्यता, तीन उद्गारचिन्हांसह. मी ते काकांना फोनवर वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माळ्याचं लिहिलं नाही का त्यांनी? माळा केवढा मोठा आहे आपला." खरंच आहे. त्या माळ्यावर गणपतीचं मखर होतं, गावाहून आलेली तांब्याची भांडी होती, तिन्ही मुलांची अभ्यासाची पुस्तकं होती आणि पाहुण्यांसाठीच्या गाद्या होत्या. गाद्या महत्त्वाच्या. कारण ९८० चौरस फुटांच्या त्या घरात आजी, काका-काकू आणि तीन मुलं ही कायमची माणसं. त्यांच्याशिवाय कुणी ना कुणी असायचंच. सावंतवाडीहून इंजिनिअरिंगला आलेला पुतण्या चार वर्षं राहिला. काकूंची बहीण टाटा हॉस्पिटलमध्ये उपचारांसाठी यायची तेव्हा महिना-महिना असायची. मे महिन्यात तर हॉलमध्ये रात्री पाय ठेवायला जागा नसे. मी पाणी प्यायला म्हणून समोर जायचे आणि त्या झोपलेल्या माणसांच्या रांगेतच कुठेतरी झोपून जायचे. सकाळी आई न विचारता मला तिथून उचलून आणायची.

रिकामं झाल्यावर तेच घर केवढं मोठं दिसतं. भिंतीवर कपाटांच्या मागचा मूळ रंग उघडा पडलाय, फिकट पिस्ता. स्वयंपाकघरात कडप्प्याच्या फळ्यांवर डब्यांच्या बुडाचे गोल उमटलेत, मोठ्या डब्यांपासून छोट्या डब्यांपर्यंत ओळीने. सगळ्यात मोठा गोल तांदळाचा. मोझाइकच्या लाद्या हॉलच्या मधोमध गुळगुळीत झाल्यात आणि कडेला अजून खरखरीत आहेत. पश्चिमेच्या खिडक्यांचे गज खाऱ्या वाऱ्याने इतके खाल्लेत की बोट लावलं तर पापुद्रा सुटतो. घर बघायला आलेले लोक हे सगळं बघतात आणि मनातल्या मनात तोडफोडीचा खर्च धरतात. त्यांचं बरोबरच आहे. त्यांना इथे राहायचंय.

माझ्या लहानपणी मला वाटायचं, घर म्हणजे ज्याचं त्याचं असतं. बाबा संस्थेचे पहिले सचिव होते, त्यांनी एकदा मला आमचा भाग दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, दाखवला. हिरवट कागद, वर संस्थेचं नाव आणि पुढे "सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित", खाली तीन सह्या आणि शिक्का. त्यावर लिहिलं होतं की पन्नास रुपयांचे पाच भाग, एकूण रुपये अडीचशे फक्त. मी विचारलं, आपलं घर अडीचशे रुपयांचं आहे का? बाबांनी समजावलं ते तेव्हा अर्धंच कळलं. जमीन संस्थेची, इमारत संस्थेची, आपण संस्थेचे सभासद, आणि सभासद म्हणून या चौदाव्या मजल्यावरच्या खोल्या आपल्या ताब्यात. कायद्याच्या भाषेत आमची संस्था भाडेकरू सहभागीदारी प्रकारची. असा सभासदाचा हक्क म्हणजे नुसती राहण्याची मुभा की मालमत्ता, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९७५ साली निकाल लागला की ही मालमत्ताच आहे, तिची जप्तीही होऊ शकते आणि विक्रीही. आज समोरचं घर विकलं जातंय ते त्या हक्कामुळे. पण विकताना त्या अडीचशे रुपयांच्या भागांचं हस्तांतरणही करावं लागतंच, आणि ते संस्थेच्या वहीत नोंदल्याशिवाय खरेदीदार सभासद होत नाही.

दाखल्याची मागची बाजू मला पुढून जास्त आवडते. तिथे रकाने असतात: हस्तांतरणाची तारीख, कुणाकडून, कुणाकडे, अध्यक्ष, सचिव. आमच्या दाखल्यावर एकच ओळ भरलीय, बाबा गेल्यावर आईचं नाव लागलं ती. काकांच्या दाखल्याची मागची बाजू अजून कोरी आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घराच्या दाखल्यावर सगळे रकाने संपले आणि शेवटी नवा दाखला काढावा लागला.

त्या काळी लोकांनी असं एकत्र येऊन का बांधलं, याचं उत्तर बाबांच्या पिढीला पाठ होतं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली. राहणाऱ्यांना त्याने मोठा आधार दिला, पण भाड्याने द्यायला नवी इमारत बांधणं कुणालाच परवडेना. पागडी भरण्याइतका पैसा नोकरदाराकडे कुठून असणार? मग एका कार्यालयातले, एका ज्ञातीतले, एका गावचे लोक एकत्र यायचे, संस्था नोंदवायचे, भूखंड घ्यायचे. या वाटेची सुरुवात मुंबईत फार आधी झालेली, १९१५ साली गामदेवीला श्रीपाद तालमकींनी उभी केलेली सारस्वतांची गृहनिर्माण संस्था. वांद्र्याचं साहित्य सहवास लेखकांनी असंच उभारलं. आमच्याकडे एकाच कार्यालयातली बहात्तर माणसं होती. साहेबही होते आणि कारकूनही. घरं सगळ्यांना सारखीच, मजले चिठ्ठ्या टाकून ठरले. साहेबांना पहिला मजला आला आणि काकांना समुद्र आला. काका तेव्हा वरिष्ठ लिपिक होते. आज त्या समुद्राची किंमत जाहिरातीत वेगळी लावली जाते, तेव्हा चौदाव्या मजल्याची चिठ्ठी निघाली म्हणून काकू रडल्या होत्या. एवढ्या उंच राहायचं कसं, लिफ्ट बंद पडली तर सासूबाई उतरणार कशा, हा त्यांचा प्रश्न होता.

पैसे संस्थेने उचलले. राज्याचं सहकारी गृहनिर्माण वित्त महामंडळ सभासदाला थेट कर्ज देत नसे, संस्थेला देई, आणि संस्था सभासदांकडून हप्ते गोळा करी. म्हणजे एकाचा हप्ता थकला की सगळ्यांची मान खाली. बाबांच्या इतिवृत्ताच्या वहीत एक नोंद आहे. एका सभासदाचं निलंबन झालं होतं, पगार बंद होता, तेव्हा सभेने ठराव करून त्यांचे हप्ते संस्थेच्या निधीतून भरले आणि नंतर सवडीने परत घेतले. नाव लिहिलेलं नाही, "एक सभासद" एवढंच. ते कोण, हे बाबांनी आईलाही सांगितलं नाही.

असं सगळं त्या पॅसेजमध्ये कसं सांगायचं?

आम्ही राहायला आलो ते १९७९ साली. पूर्वेच्या स्वयंपाकघरातून तेव्हा परळच्या गिरण्यांची धुराडी दिसायची. पहाटे भोंगा झाला की आई उठायची, दुसऱ्या भोंग्याला बाबा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि भोंगे थांबले. काही दिवस आमच्या घरात सगळ्यांनाच उठायला उशीर झाला. आई सांगते, त्या दिवसांत ती गजराचं घड्याळ घ्यायला दादरला गेली आणि दुकानदाराने सांगितलं की हल्ली सगळे घड्याळंच मागतात. आता त्याच खिडकीतून काचेचे मनोरे दिसतात. संध्याकाळी सूर्य समुद्राकडे उतरला की त्यांचं परावर्तन आमच्या ओट्यावर पडतं. पूर्वेच्या स्वयंपाकघरात संध्याकाळचं ऊन येणं हे या शहराने आमच्यावर केलेलं एक विचित्र दान आहे, आणि त्या मनोऱ्यांच्या जागी कोण राबत होतं हे आठवत असल्यामुळे मला त्या उन्हात कधी नीट बरं वाटत नाही.

इमारतीचे आवाज वेगळे. आमची पहिली लिफ्ट जाळीच्या दरवाज्याची. दोन्ही जाळ्या खट्ट बसल्याशिवाय हलायची नाही. वरच्या मजल्यावर कुणी दरवाजा उघडा टाकून गेलं की खालचा माणूस जाळीत तोंड घालून "लिफ्ऽऽट" असं ओरडायचा आणि तो आवाज अठरा मजल्यांतून वर चढायचा. कोणाचा आवाज आहे हे घरात बसून ओळखता यायचं. पाण्याचंही तसंच. पहाटे वॉचमन पंप सुरू करायचा, त्याची घरघर भिंतीतून आमच्या उशीपर्यंत यायची, आणि गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की शेवटच्या मजल्यावरचे मास्तर बनियनवर गच्चीत धावायचे. त्यांनी ते काम कुणी न सांगता वीसेक वर्षं केलं. ते गेल्यावर टाकीला सेन्सर बसवायचा ठराव झाला.

आता भांडणांबद्दलही सांगायला हवं, कारण जी सोसायटी भांडत नाही ती मी अजून पाहिलेली नाही. आमच्या बाथरूमचं पाणी तेराव्या मजल्यावर झिरपलं आणि दोन घरांत तीन वर्षं अबोला होता. पार्किंगवरून तर सख्खे मित्र तुटले. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची म्हणून गणपती उरकले की स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात. दहाच्या सभेला दहा वाजता सात माणसं असतात. अध्यक्ष कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब करतात, आणि साडेदहाला त्याच जागी तीच सभा कोरमशिवाय सुरू होते. मग वेफर्स आणि सामोसे येईपर्यंत सिंकिंग फंड, गळती, थकबाकीदार, गच्चीवर वाळत घातलेले पापड. मला या सभांचा वैताग येतो आणि तरी मी दर वर्षी जाते. एवढ्या मोठ्या शहरात आपल्या डोक्यावरच्या टाकीबद्दल, पायाखालच्या गटाराबद्दल आपण हात वर करून मत देऊ शकतो, अशी दुसरी जागा मला मिळालेली नाही.

काकूंची भीती पुढे खरी ठरली. १९८८ च्या पावसाळ्यात एका रात्री आजींच्या छातीत दुखायला लागलं. एक लिफ्ट दुरुस्तीला, दुसरी चालू, पण अॅम्ब्युलन्सवाल्यांचं स्ट्रेचर त्या लिफ्टमध्ये मावेना. उभं करून बघितलं, तिरपं करून बघितलं. मग काकूंनी स्वयंपाकघरातली हाताची खुर्ची आणली. आजींना तिच्यात बसवलं, काकूंनी आपल्या नऊवारीने त्यांना खुर्चीला बांधलं, पण तेवढ्यात दिवे गेले आणि ती लिफ्टही बंद पडली. चौदा मजले. पुढे काका आणि बाबा, मागे बाराव्या मजल्यावरचे दोघे भाऊ. मी टॉर्च घेऊन पुढे उलटी चालत होते, म्हणजे आजींचा चेहरा माझ्यासमोर होता. दर वळणावर एक दार उघडायचं. कुणी हात बदलायला पुढे यायचं, कुणी पाणी द्यायचं, दहाव्या मजल्यावरच्या बाईंनी खुर्चीच्या पायांना धक्का लागू नये म्हणून जिन्यातल्या कुंड्या पटापट आत ओढल्या. ज्यांचा आमच्याशी अबोला होता ते तेराव्या मजल्यावरचे गृहस्थ सहाव्या मजल्यापासून खालपर्यंत होते. आजी त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. अबोला मात्र आणखी वर्षभर टिकला.

२६ जुलै २००५ चंही सांगता येईल. त्या दिवशी मी अंधेरीहून चालत निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. वीज नव्हती, पंप बंद. तळमजल्यापासून प्रत्येक मजल्यावर कुणीतरी बादल्या घेऊन उभं होतं आणि खालच्या टाकीतलं पाणी हातोहात वर चाललं होतं. त्या रांगेतच मला कुणीतरी चहा दिला. पण मुंबईतल्या जवळपास प्रत्येक इमारतीकडे त्या दिवसाची अशी एक गोष्ट आहे. त्यामुळे आमची तेवढी चांगली, असं मी म्हणणार नाही.

आमच्या इमारतीची म्हणून सांगावी अशी गोष्ट जानेवारी १९९३ ची आहे. तळमजल्यावर लिफ्टशेजारी नावांचा फलक होता. काळ्या काचेवर पांढरी अक्षरं, मजल्याप्रमाणे बहात्तर नावं. तोवर तीन-चार घरं विकली गेली होती आणि बहात्तरांत दोन मुसलमान नावं होती. शहरात काय चाललंय ते दिसत होतं. रात्री गच्चीतून आगीचा उजेड दिसायचा. समितीची सभा कुणाच्या तरी बेडरूममध्ये झाली. कुणी सुचवलं, ती दोन नावं पुसू. बाबा म्हणाले, दोन जागा मोकळ्या दिसल्या तर ज्याला शोधायचंय त्याला काम सोपंच होईल. त्यांनी आणि काकांनी स्क्रू काढून आख्खा फलक उतरवला आणि मीटर रूममध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवला. नंतर तो परत लावायचा ठराव कधी आला नाही. भिंतीत ती चार भोकं आजही आहेत, रंगाचे थर चढून बुजत आलीत.

याच इमारतीत मी उलट बाजूही पाहिलीय. नवा सभासद घेताना समितीपुढे त्याची "ओळख" करून घ्यायची पद्धत आहे. कायद्याने सभासदत्व खुलं आहे, योग्य कारणाशिवाय नाकारता येत नाही, आणि तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. पण ओळखीच्या नावाखाली काय काय विचारलं जातं ते मी ऐकलंय. घरात कोण कोण असतं, एकट्या राहणार का, काय खाता. सुरुवातीच्या संस्था ज्ञातीबांधवांनी ज्ञातीबांधवांसाठी काढल्या होत्या. परस्परांवर विश्वास होता म्हणून लोकांनी पैसे टाकले, हे खरं. तोच विश्वास पुढे कुंपणही होतो, हेही तितकंच खरं. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की उपविधीत तसं असेल तर संस्था आपल्याच समाजापुरतं सभासदत्व ठेवू शकते. कायदा म्हणून मी तो निकाल समजू शकते. पण आज मुंबईत मासे खाणाऱ्या मराठी कुटुंबाला घर दाखवतानाच "ती बिल्डिंग तुमच्यासाठी नाही" असं सांगितलं जातं तेव्हा आपल्याला जो संताप येतो, तोच संताप आपल्या इमारतीच्या दारात दुसऱ्या कुणाला आला असेल तर? आमच्याकडे एका एकट्या राहणाऱ्या मुलीचा अर्ज समितीने इतका रेंगाळवला की तिने दुसरीकडे घर घेतलं. पॅसेजमध्ये विचारणाऱ्या त्या बाईला मी हेही सांगायला हवं, असं मला वाटत राहिलं. माणसं चांगली आहेत, आणि त्यांनी हे केलेलं आहे.

काका-काकू का विकतायत, याला एक कारण नाही. काकांचे गुडघे. तिघं मुलं तीन ठिकाणी, त्यातला एक न्यू जर्सीत. महिन्याचा मेंटेनन्स पेन्शनमधून भरणं जड जातं. आणि रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू झाली तर पाच-सहा वर्षं भाड्याच्या घरात काढावी लागतील. "तेवढी वर्षं माझ्याकडे आहेत का, सांग," काकांनी मला विचारलं होतं. घर जाईल ते काही कोटींना. त्यावर खरेदीदार पाच टक्के मुद्रांक शुल्क भरेल, एक टक्का मेट्रोचा अधिभार भरेल. संस्थेला मात्र हस्तांतरणाचं अधिमूल्य म्हणून २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही, व्यवहार कितीही मोठा असो. ही मर्यादा योग्यच आहे, नाहीतर संस्थांनी सभासदांना ओलीस धरलं असतं. तरी मला तो आकडा बघून गंमत न वाटता वाईट वाटतं. टाकीवर धावणारे मास्तर, जिन्यातून खुर्ची उतरवणारे ते दोघे भाऊ, हप्ते सांभाळून घेणारी ती सभा, यांच्यामुळेच तर ही इमारत पंचेचाळीस वर्षं उभी राहिली, तिचे कागद स्वच्छ राहिले. शहरातल्या कितीतरी संस्थांच्या नावावर जमीनच नाही, बिल्डरने अभिहस्तांतरण केलेलं नाही म्हणून. आमचा "क्लिअर टायटल" हा शब्द ज्यांनी कमावला त्यांतली निम्मी माणसं आज नाहीत.

काकांबद्दल मला राग आहे का? थोडा आहे. तो अन्यायाचा आहे हे मला कळतं. काकांनी विकू नये असं मी म्हणू शकत नाही, आणि कुणा तरी आमच्यासारख्यालाच विका असंही म्हणू शकत नाही, कारण आमच्यासारख्याला आता ते परवडणार नाही. मलाच परवडणार नाही. मी आज नव्याने मुंबईत घर शोधत असते तर डोंबिवलीच्या पुढे कुठेतरी बघत असते. कारकुनाच्या चिठ्ठीला समुद्र येणं ही गोष्ट या शहरात एकदा घडून गेली. तिची सोय ज्या कायद्यांनी, ज्या महामंडळाने, ज्या जमिनीच्या भावांनी केली होती ते सगळं मागे पडलं. राज्यात लाखाहून जास्त गृहनिर्माण संस्था आहेत, पण नव्या इमारतीत संस्था शेवटी येते. आधी बिल्डर, मग ग्राहक, मग ताबा, आणि मग कुणीतरी म्हणतं की आता सोसायटी फॉर्म करायला हवी. आमच्याकडे आधी बहात्तर माणसं होती आणि नंतर भिंती आल्या.

ते जोडपं काल पुन्हा आलं. या वेळी एजंट नव्हता. काकांशी फोनवर बोलणं झालंय, टोकनही देणार आहेत म्हणाले. मुलगी सरळ आमच्याच घरात शिरली आणि आईच्या पलंगावर जाऊन बसली. मी चहा टाकला. बोलता बोलता कळलं की तिचे सासरे खाली गाडीत बसलेत. व्हीलचेअरवर असतात, पक्षाघाताला दोन वर्षं झाली. गेटपासून लिफ्टपर्यंत आमच्याकडे पाच पायऱ्या आहेत. दोघांनी धरून त्यांना आणता आलं असतं, पण ते नको म्हणाले, घर झाल्यावर बघू म्हणाले. सून म्हणाली, "तिथे रॅम्प करता येईल का? खर्च आम्ही देऊ. फक्त सोसायटी परवानगी देईल का, तेवढं कळलं असतं तर." मी त्यांच्याबरोबर खाली गेले, गाडीच्या खिडकीशी उभी राहून आजोबांशी बोलले. त्यांचं बोलणं अस्पष्ट आहे, पण नजर इमारतीच्या वरच्या मजल्यांवर होती आणि त्यांनी बोटाने विचारलं, कुठला? मी मोजून दाखवला.

आई सगळं ऐकत होती. पंच्याऐंशी वर्षांची आहे, कठड्याला धरून एक-एक पायरी उतरते. म्हणाली, त्यांनी का खर्च द्यायचा, इथे त्यांच्या आधी म्हातारे कुणी नाहीत का? मग तिने आजींचं नाव घेतलं नाही, पण मला कळलं.

रॅम्पला विरोध होणार हे मला माहीत आहे. दोन दुचाकींची जागा जाईल, आणि त्या दोन दुचाकी कुणाच्या तेही माहीत आहे. रिडेव्हलपमेंट होणारच आहे तर आता सिमेंट कशाला ओता, असंही कुणी म्हणेल. मी काल रात्री बसून उतार मोजला. बारा फुटांना एक फूट धरला तर पाच पायऱ्यांच्या अडीच फुटांसाठी तीस फूट लागतात. सरळ बसत नाही, वॉचमनच्या केबिनपाशी एक वळण घ्यावं लागेल. तळमजल्यावरच्या आर्किटेक्ट मुलाला नकाशा करून द्यायला सांगितलंय. ठराव आई मांडेल, कारण भाग दाखल्यावर नाव तिचं आहे आणि मी नुसती सहयोगी सदस्य. अनुमोदन कोणाचं घ्यायचं ते अजून ठरलेलं नाही. तेराव्या मजल्यावरच्या गृहस्थांचा मुलगा हल्ली समितीवर आहे. आज संध्याकाळी तो ऑफिसातून आला की त्याला जाऊन भेटते.